मदत हवी आहे: शनिवार-रविवार सोलापूर, बंद गिरण्या आणि चालू माग

कोथरूडी: शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून निघून रविवारी परत. तिघे जण, गाडी नाही. सिद्धेश्वराचं दर्शन होईलच, पण मुख्य म्हणजे गिरण्यांचं शहर बघायचंय. काय उरलंय? चादर मागावरूनच घेता येईल का?

पूर्वभाग: गिरण्या बघायला येत असाल तर निराशा होईल. जुनी मिल १८७७ ची, १९६३ ला बंद पडली; आता ती रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता म्हणून उरलीय. जीव आहे तो यंत्रमागांत. अशोक चौक, साखर पेठ या बाजूला शनिवारी सकाळी जा, कानावर मराठीइतकीच तेलुगू पडेल. आधी कारखानदाराला विचारा, मगच आत. ओढणी, सैल कपडे नकोत, मागाचे पट्टे उघडेच फिरतात. खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून प्रश्न बाहेरच विचारून घ्या. "जरा थांबवून दाखवता का" असं मात्र कुणाला म्हणू नका. मजुरी नगावर असते, माग थांबला की विणकराचे पैसे बुडतात. नुसतं वर बघा: जेकार्डची, म्हणजे मागावरच्या नक्षीयंत्राची, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं सरकत असतात. भोक आलं की आकडा (हूक) उचलला जातो नि त्याचा धागा वर येतो, नसेल तर खालीच राहतो. चादरीवरचा मोर असा उमटतो.

गाडीवान: जाताना हुतात्मा एक्स्प्रेस बरोबर. येताना घोटाळा होतो: ती आणि वंदे भारत, दोन्ही सोलापूरहून सकाळी लवकर सुटतात, म्हणजे रविवार गेला. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरा. पुण्यात भलत्या वेळी उतरवते, घरी जायची सोय आधी करून ठेवा. हुतात्मा एक्स्प्रेसला नाव ज्यांच्यामुळे, त्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला तुमच्याच येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्मा चौकात पुतळे आहेत.

कोथरूडी: आभार! आणि चादर खरी कशी ओळखायची?

पूर्वभाग: उलटून बघा. एका बाजूला पिवळ्यावर मरून मोर असेल तर दुसऱ्या बाजूला मरूनवर पिवळा हवा. छापील असेल तर मागची बाजू फिकी दिसते. कडेचा एक धागा मागून घ्या, बाहेर जाऊन जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख चुरडते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. भौगोलिक मानांकन असूनही परगावचा माल सोलापुरी म्हणून खपतो, तेव्हा स्टेशनबाहेर घाई नको. शेंगा चटणी नि कडक भाकरी बांधून घ्या, प्रवासात टिकतात. एप्रिल-मेमध्ये मात्र येऊ नका.