दाताच्या विम्याचा हिशेब: कार्डावर हवा की आयुक्तांच्या फायलीत?

बॉस्टनकर:
गेल्या महिन्यात खालच्या दाढेचं रूट कॅनाल झालं, वर कॅप बसवली. बिल 2600 डॉलर. विमा कंपनीने 1500 दिले आणि वर्षाची मर्यादा संपली म्हणून कळवलं. 1100 माझ्या खिशातून. मर्यादा मला माहीत होती, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. राग वेगळ्याचा आहे. त्याआधीचं पांढरं फिलिंग कंपनीने चांदीच्या फिलिंगच्या स्वस्त दराने धरलं होतं, आणि ते कळलं तोंडातला भूल दिलेला भाग जागा झाल्यावर.

आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर 2022 च्या मतदानात दातांच्या विम्यावर कायदा करावा का, असा लोकांना थेट प्रश्न होता, क्रमांक 2. दातांच्या विमा कंपनीने प्रीमियमचे किमान 83 टक्के उपचारांवर खर्च करावेत, कमी पडले तर फरक परत द्यावा, आणि दरवर्षी राज्याच्या विमा आयुक्तांना हिशेब द्यावा. सत्तर टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली, 1 जानेवारी 2024 पासून नियम लागू झाला. नेहमीच्या आरोग्य विम्यावर 2010 च्या कायद्याने 80-85 टक्क्यांची अट आहेच, स्वतंत्र डेंटल योजना मात्र तिच्यातून सुटल्या होत्या.

माझं म्हणणं, 83 असो की 75, हिशेब उघडा ठेवा. आणि तो मी योजना निवडतो त्या पानावर द्या.

हिशेबनीस:
आधीच सांगतो, मी विमा कंपनीत आकडेमोड करतो, म्हणजे माझं मीठ कुठलं ते समजून वाचा.

समजा डेंटलचा प्रीमियम महिना 30 डॉलर. 83 उपचारांना गेले की उरलेले 17 टक्के म्हणजे जेमतेम 5 डॉलर. त्यात कॉल सेंटर, क्लेम तपासणं, डॉक्टरांचं नेटवर्क, एजंटचं कमिशन. आरोग्य विम्याचा प्रीमियम 600 असेल तर 20 टक्के म्हणजे 120 डॉलर. फोन उचलणाऱ्या माणसाचा पगार दोन्हीकडे तेवढाच. टक्केवारी शेजारी शेजारी छापलीत की स्वस्त योजना चोर दिसणार आणि महागडी साव. याला पारदर्शकता म्हणायचं?

सासवडची:
मी न्यू जर्सीत एका दवाखान्यात फ्रंट डेस्कला बसते. अकरा वर्षांत एकाही पेशंटने मला कंपनीचा टक्का विचारलेला नाही. सगळे एकच विचारतात: "मला किती पडतील?"

आम्ही अंदाज मागवतो. तो येतो, पण खाली बारीक अक्षरात असतं की ही पैसे देण्याची हमी नाही. क्राऊनला, म्हणजे कॅपला, बारा महिने थांबायची अट. दात विमा घेण्याआधीच पडलेला असेल तर ब्रिजचे (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या नकली दाताचे) पैसे नाहीत, हे कलम तर लोकांना ऐकून खरंच वाटत नाही. पाच वर्षांच्या आत त्याच दाताला दुसरी कॅप नाही. हे सगळं कागदावर असतं हो, लपवलेलं नसतं. फक्त पेशंट खुर्चीत बसल्यावर ते माझ्या तोंडून ऐकतो आणि शिव्या मला पडतात.

हिशेबनीस:
सासवडची, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. टक्क्याचा हिशेब पेशंटच्या कामाचा नाही. आणि त्या प्रश्न 2 मागे कोण होतं तेही बघा: प्रस्ताव रेटणारे एक ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर), मोहिमेला पैसा दंतवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा. उपचारांवर जास्त खर्च म्हणजे कोणाच्या खात्यात जास्त पैसे?

बॉस्टनकर:
आणि विरोधात पैसा कोणाचा होता? विमा कंपन्यांचा. प्रीमियम 38 टक्क्यांनी वाढेल म्हणून घाबरवणाऱ्या जाहिराती आम्ही पाहिल्यात. दोन्हीकडे स्वार्थ आहे म्हणूनच म्हणतो, आकडे माझ्यासमोर टाका. कॅलिफोर्नियाने 2014 च्या कायद्याने फक्त हिशेब मागितला, टक्क्याची सक्ती केली नाही. तेवढंही तुम्हाला जड जातंय?

ठाणेकर:
आमच्याकडे बरं आहे, प्रश्नच नाही! बहुतेक पॉलिसीत दाताचा साधा उपचार बसतच नाही, अपघात होऊन ॲडमिट झालात तरच. आयआरडीएआयने, म्हणजे विम्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, जानेवारी 2024 पासून पॉलिसीसोबत सोप्या भाषेतला माहितीचा कागद सुधारून दिला. आमच्या घरी तो कपाटात, एलआयसीच्या पावत्यांखाली आहे.
(बॉस्टनकर, सुट्टीत येऊन इथेच दाढ करून घ्यायची होती की.)

सासवडची:
बॉस्टनकर, तुमचा विमा नोकरीतून आहे ना? कार्डावर नीट बघा. "अ‍ॅडमिनिस्टर्ड बाय" असं काही छापलंय का?

बॉस्टनकर:
हो. तस्संच आहे. का?

सासवडची:
मग उपचारांचे पैसे बहुतेक तुम्ही नोकरी करता ती कंपनीच भरते, विमा कंपनी फक्त कागदपत्रं बघते. एचआरला विचारून खात्री करा. अशा योजनेला 1974 चा केंद्राचा कायदा लागतो, राज्याचा विमा कायदा नाही. तुमचा 83 टक्क्यांचा नियम तुम्हालाच लागू नाही.

बॉस्टनकर:
एचआरचं उत्तर आलं. खरंच तसं आहे. आणि मी दोन महिन्यांपूर्वी राज्याच्या विमा खात्याकडे त्या फिलिंगची तक्रार घालून बसलोय!

हिशेबनीस:
हसू नये, पण हसलो. ती केंद्राच्या श्रम खात्याकडे न्यावी लागेल.

बॉस्टनकर:
हसा. पण हिशेबनीस, टेक्ससमध्ये राज्याच्या अखत्यारीतल्या आरोग्य विम्याच्या कार्डावर तशी खूण म्हणून तीन अक्षरं छापलेली असतात. छापायला किती खर्च येतो? त्या 5 डॉलरमध्ये बसेल ना?

हिशेबनीस:
बसेल. कार्डावर योजना कोणाच्या अखत्यारीत ते लिहा, पांढऱ्या फिलिंगचे किती मिळणार तेही पहिल्या पानावर लिहा, माझी काही हरकत नाही. टक्क्यावर मात्र माझं मत तेच आहे. ग्राहकाला दाखवायचाच असेल तर टक्का नको, डॉलर दाखवा: महिन्याला इतके दाताला, इतके आम्हाला.

सासवडची:
डॉलरमध्ये चालेल. टक्के समजावत बसायला माझ्याकडे वेळ नाही, समोर तीन पेशंट बसलेत.