कास-बामणोली पट्टा कागदी नकाशावर फिरायचाय, कुठली शीट घ्यावी?

गोडोलीकर:
नमस्कार मंडळी, साताऱ्यात राहून कास म्हणजे फुलं बघायची, भजी खायची नि परत यायचं एवढंच होतंय. यंदा पाऊस सरला की कास, बामणोली, ठोसेघर हा सगळा पट्टा पायी नीट समजून घ्यायचाय, पोरांना पण दाखवायचाय. मोबाइलच्या मॅपवर कासच्या पुढं नुसता हिरवा रंग, बामणोलीकडं उतरलं की रेंजचा पत्ता नाही. कागदी नकाशा कुठला घ्यायचा नि वाचायचा कसा?

सडेवाला:
भाऊ, सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट (डोंगर-दऱ्यांची उंची रेषांनी दाखवणारा नकाशा) घ्या, जुना नंबर ४७ जी/१४. कास, ठोसेघर, सज्जनगड, चाळकेवाडी सगळं एकाच शीटवर येतं, बामणोली पार डाव्या कडेला. वासोटा किल्ल्याला शेजारची ४७ जी/१० लागेल. त्यांच्या पोर्टलवर लॉगिन केलं की पीडीएफ फुकट मिळते, तिथं नंबर वेगळे दिसतील. प्रिंट मात्र ए-वन कागदावर शंभर टक्के साइजलाच काढायला सांगा, दुकानदार पानात बसवायला बारीक करतो नि मग २ सेंमी म्हणजे १ किमी हा हिशोबच चुकतो.

वाचताना तपकिरी रेषा धरा, एका रेषेवर सगळीकडं सारखीच उंची, दोन रेषांत २० मीटरचा फरक. आपल्याकडं लाव्हाचे थर एकावर एक बसलेत म्हणून कागदावर पण पायऱ्या दिसतात, रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा, नंतर एकदम मोकळी जागा आली की सडा, म्हणजे वरचं सपाट पठार. रेषेचं टोक चढाकडं घुसलं तर ओढा नाहीतर घळ, उताराकडं आलं तर सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत जाणारी धार, आणि गावच्या जुन्या वाटा बऱ्याचदा सोंडेवरनंच उतरतात. काळ्या रेघेचा ओढा उन्हाळ्यात कोरडा, पाण्याचा भरवसा निळ्यावरच.

कोयनाकाठ:
कोयना धरणाच्या आधीची एक इंचाला एक मैलवाली शीट कुठं मिळाली तर जरूर बघा दादा. आत्ता जिथं धरणाचा शिवसागर जलाशय पसरलाय तिथं कोयना बारीक रेघेसारखी दिसते नि दोन्ही अंगाला गावं. माझ्या आईचं आजोळ त्यातच गेलं, पोरांना ते नाव नकाशात बोटानं दाखवता येतं याचं मला फार मोल वाटतं.

जावळी_खोरं:
वर सगळं बरोबर सांगितलंय. फक्त वासोटा कोयना अभयारण्यात येतो, वनखात्याची परवानगी घेऊनच जा, नि पावसाळ्यात तो बंद असतो. शीटवर पायवाट दिसली म्हणून पोरांना घेऊन जंगलात शिरू नका, बामणोलीत विचारा, तिथल्या लोकांना कुठली वाट मोडलीय ते माहीत असतं.