क्लबच्या तलवारबाजी स्पर्धेसाठी परवडणारे सॉफ्टवेअर कोणते?

प्रश्न (क्लबचा सचिव, चिपळूण)

नमस्कार. येत्या ऑगस्टमध्ये एका शाळेच्या सभागृहात एपी प्रकाराची (तलवारबाजीच्या तीन प्रकारांपैकी एक) एकदिवसीय स्पर्धा घेण्याचे आमच्या लहानशा क्लबने ठरवले आहे. साधारण २१ प्रवेशिका येतील, तीन पिस्त (लढतीच्या लांब पट्ट्या) मांडता येतील आणि हाताशी एक जुना विंडोज लॅपटॉप, एक प्रिंटर व मदतीला दोन पालक आहेत. गेल्या वर्षी सगळा हिशेब कागदावर केला आणि त्यात झालेली चूक अजून माझ्या मनातून गेलेली नाही. २० मुलांचे ७, ७ आणि ६ असे गट होते. सहाच्या गटातील एका मुलाने ५ पैकी ४ लढती जिंकल्या होत्या आणि सातच्या गटातील दुसऱ्याने ६ पैकी ४. आम्ही केवळ विजय मोजून दोघांना बरोबरीत धरले आणि गुणफरक जास्त म्हणून दुसऱ्याला वरचा क्रमांक दिला. त्यावरूनच बाद फेरीची भाग्यपत्रिका, म्हणजे कोणाची लढत कोणाशी हे दाखवणारा तक्ता, लागली, पहिल्या मुलाला अवघड प्रतिस्पर्धी मिळून तो हरला आणि आमची चूक बक्षीस समारंभ झाल्यावर लक्षात आली. प्रवेश शुल्क वाढवायचे नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरवर फारसा खर्च करता येणार नाही. काय वापरावे?

उत्तर (प्रशिक्षक, रत्नागिरी)

सचिव महोदय, आपल्या गरजेला ‘बेलपूल’ पुरेसे आहे असे माझे मत आहे. ते विनामूल्य आणि मुक्तस्रोत असून विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालते. गट पाडणे, गटाचे तक्ते छापणे, क्रमवारी लावणे आणि बाद फेरी मांडणे ही सर्व कामे त्यात होतात. ‘फेन्सिंग टाइम’ हे अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धांत वापरले जाणारे उत्तम सॉफ्टवेअर आहे, परंतु त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. वर्षातून एकदा २१ मुलांची स्पर्धा घेणाऱ्या क्लबने तो घ्यावा असे मला वाटत नाही.

आपली गेल्या वर्षीची चूक मात्र सॉफ्टवेअर नसल्यामुळे झाली नाही, नियम नीट न लावल्यामुळे झाली. क्रमवारीत आधी विजय भागिले लढती पाहायचे, म्हणजे ४/५ चे ०.८० आणि ४/६ चे ०.६७, त्यानंतर मारलेले वजा खाल्लेले गुण आणि तेही सारखे असतील तर मारलेले गुण. कोणतेही सॉफ्टवेअर घेतले तरी गेल्या वर्षीचे तक्ते त्यात भरून क्रमवारी बरोबर येते का, हे आधी पाहावे. नावे देवनागरीत छापायची असतील तर जोडाक्षरे असलेली तीन-चार नावे भरून छापून पाहणेही आवश्यक आहे.

उत्तर (पंच, कुडाळ)

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण माझ्या अनुभवात गोंधळ होतो तो नोंदी भरताना. वेळ संपली तेव्हा ४-३ असेल तर विजेत्यापुढे ‘V4’, म्हणजे ४ गुणांनी विजय, असे लिहिले पाहिजे. नुसता ‘V’ लिहिला तर तो पूर्ण ५ गुणांचा विजय धरला जातो आणि गुणफरक बदलतो. याहून नाजूक प्रसंग बरोबरीचा असतो. ३-३ वर वेळ संपली की चिठ्ठीने एकाला प्राधान्य देऊन एक मिनिट जादा खेळवतात आणि त्या मिनिटात एकही टच (गुण मिळवून देणारा स्पर्श) झाला नाही तर प्राधान्य असलेला खेळाडू ३-३ वरच जिंकतो. अशा वेळी केवळ गुण पाहून विजेता कळत नाही, तो वेगळा नोंदवावाच लागतो. म्हणून नोंदी भरणाऱ्या पालकांना आधीच्या रविवारी बसवून असे दोन-तीन तक्ते भरायला लावा, आणि प्रत्येक तक्त्यावर खेळाडूंची सही घेतल्याशिवाय तो लॅपटॉपपाशी येऊ देऊ नका.

गट ७-७-७ असेच ठेवा. प्रत्येक गटात २१ लढती होतात. एका लढतीला ५ मिनिटे धरली तर तिन्ही पिस्तांवर मिळून पावणेदोन तासांत साखळी संपते आणि प्रत्येक मुलाला सहा लढती मिळतात. चार गट केले तर चौथा गट पिस्त रिकामे होण्याची वाट पाहत बसेल. बाद फेरीत ३२ जागांच्या भाग्यपत्रिकेत पहिल्या ११ जणांना पहिली लढत न खेळता पुढे चाल मिळेल आणि एकूण २० लढती होतील.

उत्तर (पालक, अलिबाग)

एवढ्या लहान स्पर्धेला एक्सेल चालते. आम्ही तेच वापरतो. मात्र आमच्याकडे सूत्रे एकाच पालकांना येतात आणि ते आले नाहीत तर सगळे अडते, हे मान्य करावे लागेल.

ऑगस्ट असल्यामुळे एक गोष्ट आवर्जून सांगते. पावसात वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, पण प्रिंटर बंद पडतो. गटांचे तक्ते आदल्या रात्री छापता येतात, भाग्यपत्रिका मात्र साखळी संपल्यावरच कळते. आम्ही कार्डशीटवर ३२ ची रिकामी भाग्यपत्रिका आखून ठेवतो आणि पडद्यावर पाहून नावे हाताने लिहितो. इंटरनेटशिवाय न चालणारे सॉफ्टवेअर आपल्या भागात घेऊच नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बेलपूल उतरवून घेतले, इंटरनेट बंद केले आणि गेल्या वर्षीचे तिन्ही तक्ते त्यात भरले. तो मुलगा दोन क्रमांक वर गेला. त्याच्या पालकांना मी स्वतः भेटून हे सांगणार आहे. प्राधान्याच्या लढतीची नोंद करून पाहणे बाकी आहे. ते या रविवारी दोन्ही पालकांना बसवून करून घेतो.