टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेताना बाळ रडतं, श्वास मोजायचे कसे?

नवखी_निळी:
नुकतीच बालरुग्ण वॉर्डात लागले आहे. परवा रात्री खोकला-तापाचं दहा महिन्यांचं बाळ आलं. मी पंधरा सेकंदांत ११ श्वास मोजले, चारने गुणले, ४४ लिहून मोकळी झाले. थोड्या वेळाने सीनियर सिस्टरांनी पूर्ण मिनिट मोजले तर ५४! त्यांनी लगेच सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) बघितलं, डॉक्टरांना उठवलं. मला कुणी रागावलं नाही, पण चार्टवरचा तो ४४ डोळ्यांसमोरून हलत नाही. माझी खरी अडचण अशी की मी कॉटजवळ गेले की मुलं भोकाड पसरतात. मग घाईघाईत उरकते. रडणाऱ्या बाळाचे श्वास तुम्ही कसे मोजता?

रात्रपाळी:
अगं, मोजणं नाही, गुणणं चुकलं तुझं. लहान बाळ एकसारखा श्वास घेत नाही. भराभर घेतं, जरा रेंगाळतं, पुन्हा सुरू. तुझ्या पंधरा सेकंदांत नेमकं ते रेंगाळणं आलं की झालं. शिवाय एक श्वास सुटला की गुणून चार सुटतात. पूर्ण ६० सेकंद मोज, सेकंदकाट्याचं घड्याळ समोर धरून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आत ५०, वर्ष ते पाच वर्षं ४० म्हणजे श्वास जलद. तुझ्या ४४ आणि ५४ च्या मधोमध ती ५० ची रेघ होती, म्हणून तो आकडा छळतोय तुला. छळू दे, पुढच्या वेळी घड्याळ आपोआप हातात येईल.

आता रडण्याचं. टीपीआर ज्या क्रमाने लिहितो त्या क्रमाने घ्यायचं नसतं. आधी श्वास, मग नाडी, थर्मामीटर सगळ्यांत शेवटी. तो काखेत गेला की संपलं. मी तर त्या कॉटकडे सरळ जातच नाही. शेजारच्या कॉटचं सलाइन बघायचं निमित्त करते आणि तिथूनच आईच्या मांडीवरच्या बाळाचं पोट बघते. हो, पोट. या वयात श्वास पोटावर जास्त छान दिसतो. झबलं आईलाच हळूच वर करायला सांगायचं, आपला हात लागता कामा नये. अंगावर पीत असेल तर पिणं होऊ दे.

तेवढ्यात श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का, नाकपुड्या फुलतात का, कण्हतंय का, तेही बघून घे. खड्ड्याचा भरवसा मात्र बाळ शांत असतानाच धरायचा. शांत होतच नसेल तर चार्टवर 'रडत होते' असं लिही आणि दहा मिनिटांनी परत जा.

आणि तुला बघून रडतात ना, रडू देत. जुलाबाचं एक तीन वर्षांचं पोर सुई टोचताना हातसुद्धा मागे घेईना, तेव्हा माझेच हात गार पडले होते.

दोन_पिल्लांची_आई:
मी नर्स नाही, तरी लिहिते. धाकट्याला उलट्या-जुलाब झाले तेव्हा ओआरएस पाजलं की तो भडाभडा ओकायचा. मी वाटीच तोंडाला लावत होते. सिस्टरनी दहा मिनिटं थांबायला लावलं, मग दर दोन-तीन मिनिटांनी एकच चमचा. माझ्या हातात कागद-पेन्सिल दिलं, चमच्याला एक रेघ. सिस्टर भरलेला लंगोट वजनकाट्यावर ठेवायच्या, कोरड्याचं वजन वजा करायच्या. एक ग्रॅम म्हणजे एक मिली, म्हणाल्या. मला हसूच आलं. पण पहाटे कागदावर ५८ रेघा होत्या आणि त्याला शू झाली होती. आम्हाला असं कामाला लावा हो, नुसतं बसून जीव जातो.
तापात गार पाण्याने अंग पुसावं का, हेही सांगा कुणीतरी.

रात्रपाळी:
नको. पोर कुडकुडतं, चिडचिडतं, ताप काही टिकून उतरत नाही. कपडे हलके ठेवा, पाजत राहा. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं: किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. बाटली मात्र नीट वाचा. ड्रॉप्स सिरपपेक्षा बरेच तीव्र असतात, सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजलेले मी पाहिलेत. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर घरी डोस देत बसू नका, थेट दाखवा.
रेघांची युक्ती मस्त!

नवखी_निळी:
आज सकाळी केलं. तेच बाळ, आता बरंच सावरलंय. शेजारच्या कॉटपाशी उभं राहून, पोट बघून, पूर्ण मिनिट: ३८. पुन्हा एकदा मोजले, ३९. मग खिशातून थर्मामीटर काढला आणि पठ्ठ्याने वॉर्ड डोक्यावर घेतला.