मदत हवी आहे: मूत्राशयाच्या भिंतीत गुळगुळीत गाठ, दुर्बिणीआधी काय राहतंय?

दापोलीजवळची पेशंट, बाई, वय ४६. लघवी अडखळत होते, रक्त जात नाही. भरल्या मूत्राशयाच्या सोनोग्राफीत उजव्या भिंतीत ३ सेंमीची गोलसर गाठ, वरचं अस्तर शाबूत. लघवीतल्या पेशींची तपासणी निगेटिव्ह. अर्धशिशीसाठी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ चालू. मला लायोमायोमा (स्नायूची साधी, कॅन्सर नसलेली गाठ) वाटतो. रत्नागिरीत दुर्बिणीतून तुकडा घ्यायची तारीख मिळाली आहे. त्याआधी काही करायचं राहतंय का?

प्रतिसाद १
तारीख पुढे ढकला. ती डोकेदुखी अर्धशिशीचीच आहे ना, हे नव्याने विचारा. लघवी करताना किंवा लगेच नंतर डोकं ठणकतं, धडधडतं, घाम फुटतो का? लघवीच्या आधी आणि नंतर लगेच बीपी मोजा. पॅरागँग्लिओमाही (अ‍ॅड्रेनॅलिनसारखी, बीपी वाढवणारी रसायनं सोडू शकणारी गाठ) असाच भिंतीत, शाबूत अस्तराखाली बसतो. तयारीशिवाय त्याला लूप (दुर्बिणीतली कापणारी तार) लागला तर टेबलावरच बीपी भडकतो. लक्षणं नसली तरी मेटानेफ्रिन (त्या रसायनांचे लघवीत उतरणारे अंश) कराच.

२४ तासांची लघवी: सकाळची पहिली टाकून वेळ लिहायची, पुढची सगळी धरायची, दुसऱ्या दिवशीची पहिलीसुद्धा. लॅबच्या डब्यात अ‍ॅसिड असतं, म्हणून वेगळ्या भांड्यात करून मग ओतायची. एकूण मिली मोजून, ढवळून नमुना मुंबईला पाठवा आणि आकडा फॉर्मवर लिहा. याच नमुन्यात क्रिएटिनिन करा, एखाद्या वेळची राहून गेली तर कळतं. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने आकडा खोटा वाढू शकतो; ते थांबवायचं का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

मेटानेफ्रिन वाढलं असेल तर आधी प्राझोसिनसारखा अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) १० ते १४ दिवस, सोबत मीठ-पाणी भरपूर. बीटा ब्लॉकर (हृदयाची धडधड कमी करणारं औषध) त्यानंतरच, आधी कधीही नाही. मग गाठीसह भिंतीचा तेवढा भाग काढायचा. नुसतं खरवडून मुळं स्नायूत राहतात. पुढे जनुक तपासणी आणि दरवर्षी मेटानेफ्रिन, आयुष्यभर.

प्रतिसाद २ (पॅथॉलॉजी)
मेटानेफ्रिन नॉर्मल आलं तर एमआरआय करा. टी२ (एमआरआयचा एक प्रकारचा फोटो) वर गाठ काळी दिसली तर लायोमायोमाकडे कल. पेशी निगेटिव्ह आल्या यावर विसंबू नका, अस्तराखालच्या गाठीतून पेशी लघवीत गळतच नाहीत. तुकडाही वरवरचा घेतला तर रिपोर्ट 'अस्तर नॉर्मल' येतो आणि गाठ तशीच राहते. स्नायूपर्यंतचा हवा, दहापट फॉर्मलिनमध्ये. फॉर्मवर 'पॅरागँग्लिओमाची शंका' नक्की लिहा: तो गाटा३ ला (मूत्राशयाच्या कॅन्सरमध्येही दिसणारी रंगचाचणी) पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि कॅन्सर समजला जातो. सोबत क्रोमोग्रॅनिन (पॅरागँग्लिओमासाठी), केराटिन (अस्तराच्या कॅन्सरसाठी), डेस्मिन (स्नायूच्या गाठीसाठी) या रंगचाचण्या मागवा. लायोमायोमा ठरला तर पोकळीत आलेली छोटी गाठ दुर्बिणीतून निघते, भिंतीतली सोलून काढतात. तेव्हा संपूर्ण मूत्राशय काढायची वेळ सहसा येत नाही, हे पेशंटला आजच सांगा.