डेंगी आणि घरातले बॅरल

गटारी साफ केल्या की डेंगी जाईल, असं बरेच जण म्हणतात. मला पटत नाही. डेंगी पसरवणारा एडिस डास वाढतो तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. आपल्या लातूर-जालन्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी येतो, आणि अंड्यापासून डास व्हायलाही साधारण ७ ते १० दिवसच लागतात. बॅरलमध्ये टॉर्च मारून बघा, अळ्या वळवळताना दिसतील. अंडी पाण्याच्या रेषेलगत चिकटतात, कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळं बॅरल रिकामा झाला की आतून खसाखसा घासा, मगच भरा, वर कापड घट्ट बांधा.

आणि हात जोडून सांगतो, ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. नेमकं तेव्हाच पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच दवाखाना गाठा. ॲस्पिरिन, ब्रुफेन टाळा. रक्तस्रावाचा धोका वाढतो.