कॉलेज फुटबॉल: क्वार्टरबॅकला पळवायचं, पण कोणत्या डावात आणि किती वेळा?

शनिवारचा_प्रेक्षक
मंडळी, प्रश्न अमेरिकन फुटबॉलचा आहे, तोही कॉलेजचा. झोन रीडची मूळ कल्पना कळते. एका डिफेन्सिव्ह एंडला (बचावाच्या पहिल्या रांगेतला कडेचा खेळाडू) मुद्दाम न अडवता मोकळा सोडायचा. तो आत धावला तर क्वार्टरबॅकने (चेंडू हाती घेऊन डाव चालवणारा) चेंडू स्वतःकडे ठेवायचा, जागेवर थांबला तर रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणारा) द्यायचा. अडतंय ते पुढे. सुरुवातीला दहा-बारा यार्ड देणारा हाच डाव दुसऱ्या क्वार्टरमध्ये मागे का जायला लागतो? एंड आत धावलेला स्पष्ट दिसतो, क्वार्टरबॅक बरोबर वाचून चेंडू काढतो, म्हणजे स्वतःकडे ठेवतो, आणि बाहेर लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या रांगेतला खेळाडू) त्याची वाटच बघत असतो. शिवाय क्वार्टरबॅक वेगासाठी गाजलेल्या लॅमार जॅक्सनसारखा नसेल, तर त्याच्यासाठी कोणते डाव ठेवावेत? आणि एका सामन्यात किती वेळा पळवावं? आकडेवारीत ‘१४ कॅरी (धावा), २२ यार्ड’ दिसलं की डाव फसले असं धरायचं का?

गार्ड_पुल
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे बऱ्याच जणांची फसगत होते. कॉलेजमध्ये सॅकचं (पास टाकायच्या आधीच क्वार्टरबॅक मागे पाडला जाण्याचं) नुकसान क्वार्टरबॅकच्या धावण्याच्या यार्डांतून वजा होतं. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीग) ते पासिंगच्या खात्यात जातं. म्हणजे १४ पैकी चार सॅक असतील आणि त्यांत ३० यार्ड गेले असतील, तर उरलेल्या दहा धावांत ५२ यार्ड झाले. धावेमागे पाच यार्डांहून जास्त, उत्तमच! आधी सॅक बाजूला काढा, मग पासचा डाव मोडून केलेली पळापळ वेगळी काढा. उरतील त्या ठरवून केलेल्या धावा, आणि हिशोब त्यांचाच करायचा.

आता लाइनबॅकर बाहेर का सापडतो. याला स्क्रेप एक्स्चेंज म्हणतात. एंड आणि लाइनबॅकर कामांची अदलाबदल करतात. एंड मुद्दाम रनिंग बॅकवर धावतो, म्हणजे क्वार्टरबॅकला ‘काढ’ असं दिसावं. त्याच क्षणी आतला लाइनबॅकर त्याच्या पाठीमागून वळसा घालून बाहेर येतो. क्वार्टरबॅकचं वाचन चुकलेलं नसतंच, त्याला दिलेली ती हूल असते.

उत्तरं तीन आहेत. पहिलं, टाइट एंड किंवा एच-बॅकला (लाइनच्या कडेला किंवा जरा मागे उभा राहून अडवणारा) त्या बाजूला आणायचं. त्याने एंडला हात न लावता बाहेरून वळसा घालायचा आणि येणाऱ्या लाइनबॅकरला अडवायचं. याला आर्क ब्लॉक म्हणतात. एंडला वाटतं हा आपल्यालाच अडवायला येतोय, आणि तो क्षणभर थबकतो. तेवढं पुरतं. दुसरं, त्या डावात रीड बंद करायचा. टॅकलने (आपल्या लाइनचा कडेचा खेळाडू) एंडला सरळ अडवायचं आणि चेंडू नक्की रनिंग बॅकलाच द्यायचा. लाइनबॅकर आपणहून बाहेर गेला की आतली जागा रिकामीच असते. तिसरं, त्याच बाजूच्या रिसीव्हरकडे झटपट पास जोडायचा. कॉलेजमध्ये पुढे टाकलेल्या पासवर लाइनमन तीन यार्डांपर्यंत पुढे गेलेला चालतो, एनएफएलमध्ये एकच यार्ड. त्यामुळे धाव आणि पास एकाच डावात बांधणं कॉलेजमध्ये सोपं जातं.

आतला_खांदा
वरचं सगळं पटलं, पण निम्मे डाव त्याआधीच, देण्याघेण्याच्या जागी मरतात. उजवीकडच्या इनसाइड झोनचं (आतून जाणारी झोन रीडची धाव) उदाहरण घ्या. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये, सेंटरच्या साधारण पाच यार्ड मागे. रनिंग बॅक त्याच्या डावीकडे. तो समोरून तिरका उजवीकडे जाणार, म्हणून वाचायचा तो डावीकडचा एंड. डावा टॅकल त्याला सोडून थेट लाइनबॅकरवर जातो.

स्नॅप (सेंटरने मागे दिलेला चेंडू) हातात आला की नजर एंडच्या आतल्या खांद्यावर आणि कमरेवर हवी. रनिंग बॅककडे बघायचंच नाही. दोन्ही हात लांब करून चेंडू आपल्या मागच्या कमरेपाशी त्याच्या पोटात ठेवायचा आणि आपल्या पुढच्या कमरेपर्यंत सोबत न्यायचा. निर्णय तोवर झालाच पाहिजे. एंडचा खांदा आत वळला तर काढा. खांदे सरळ ठेवून तो बाजूबाजूने सरकत असेल तर द्या. शंका आली तरी द्याच, कारण उशिरा काढलेला चेंडू म्हणजे फंबल, हातातून सुटलेला चेंडू.

रनिंग बॅकने चेंडू हिसकावायचा नाही. क्वार्टरबॅककडचं कोपर वर, दुसरा हात खाली, आणि पकड हलकी. क्वार्टरबॅकचे हात सुटले की मगच घट्ट आवळायचं. दोघांनी एकदम ओढलं की चेंडू जमिनीवर पडलाच म्हणून समजा. चतुर एंड आणखी एक खोडी करतात: जागेवरच नाचत राहतात, ना आत ना बाहेर, म्हणजे क्वार्टरबॅकने वाट बघत बसावं. अशा एंडला एक-दोन वेळा एच-बॅककडून आडवा ठोसा बसला की नाच थांबतो.

तिसरा_डाऊन
साधारण वेगाच्या क्वार्टरबॅकसाठी माझं मत: झोन रीड कमी, पॉवर रीड आणि ड्रॉ (पासची हूल देऊन क्वार्टरबॅकची धाव) जास्त. झोन रीडमध्ये क्वार्टरबॅकला बाहेरची कड गाठावी लागते, तिथे वेगच लागतो. पॉवर रीडमध्ये उलटं असतं. रनिंग बॅक बाहेर पळतो, क्वार्टरबॅक आत घुसतो. वाचायचा तो धावेच्याच बाजूचा एंड. तो रनिंग बॅकमागे बाहेर गेला तर ठेवा, आत दाबून राहिला तर द्या. मागच्या बाजूचा गार्ड (टॅकलच्या आतला लाइनमन) पुल करून, म्हणजे जागा सोडून धावेच्या बाजूला वळून, आतल्या लाइनबॅकरवर येतो. २०१० मध्ये ऑबर्न विद्यापीठाने क्वार्टरबॅक कॅम न्यूटनसाठी हा डाव भरपूर वापरला. त्या हंगामात त्याचे धावून १,४७३ यार्ड आणि २० टचडाऊन होते. त्याची अंगकाठी सगळ्यांना नसते हे कबूल, पण सरळ पुढे जायला कोपऱ्यापर्यंतची शर्यत जिंकावी लागत नाही.

ड्रॉ तिसऱ्या डाऊनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा), सहा ते आठ यार्ड हवे असताना. पाच रिसीव्हर पसरवा आणि बॉक्समध्ये (लाइनसमोरच्या मधल्या जागेत) बचावाची माणसं मोजा. पाच असतील तर तुमचे पाच लाइनमन पुरतात. सहावा दिसला, किंवा एक लाइनबॅकर फक्त क्वार्टरबॅकवर डोळा ठेवून उभा असेल, तर लगेच पासवर जा. समोर मॅन कव्हरेज (प्रत्येक रिसीव्हरमागे एक बचावपटू) असेल तर चांगलंच, रिसीव्हरमागे पळणाऱ्यांची पाठ चेंडूकडे असते. ड्रॉ फसतो तो एका कारणाने: क्वार्टरबॅक पास दाखवायच्या आधीच पळत सुटतो. एक-दोन पावलं मागे, नजर वर, मग धाव.

शनिवारचा_प्रेक्षक
आभारी आहे. म्हणजे वेगापेक्षा माणसांच्या हिशोबाचा फायदा जास्त, असंच ना? आणि किती वेळा, ते राहिलंच.

गार्ड_पुल
हो, हिशोबच. क्वार्टरबॅक चेंडू देऊन बाजूला झाला की अकरा जणांसमोर तुमचे अडवणारे नऊच उरतात. तो स्वतः पळाला की रनिंग बॅकही अडवायला मोकळा होतो, म्हणजे दहा. रीडमध्ये अडवणारे नऊच, पण बचावाचा दहावा माणूस हात न लावताच बाद झालेला असतो.

किती वेळा, तर साधारण क्वार्टरबॅकला ठरवून सहा ते आठ, त्यातल्या बऱ्याच तिसऱ्या डाऊनला आणि रेड झोनमध्ये (गोलआधीचे शेवटचे वीस यार्ड). गोलजवळ मैदान आखूड होतं, खोलवर धावायला रिसीव्हरना जागा उरत नाही, तिथे अडवणाऱ्यांतला हा एक जास्तीचा माणूस बचावाला सगळ्यात महाग पडतो. सामना हातात आला की या धावा लगेच बंद करा.

एक जागेचा मुद्दा. कॉलेजचे हॅश (मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगा, डाव त्यांच्यावर किंवा त्यांच्यामध्ये सुरू होतो) ४० फूट अंतरावर असतात, एनएफएलचे साडेअठरा. चेंडू हॅशवर असेल तर कॉलेजमध्ये रुंद बाजूला १०० फूट मिळतात, एनएफएलमध्ये सुमारे ८९. कड गाठायचे डाव त्या रुंद बाजूला ठेवा. अरुंद बाजूला साइडलाइनच बचावाचा बारावा गडी होते.

आतला_खांदा
मार कमी खायचा तर दोन सवयी लावून घ्यायच्या. चेंडू साइडलाइनकडच्या हातात, गर्दीत दोन्ही हात चेंडूवर. आणि स्लाइड (घसरत खाली बसणं) लवकर, पाय पुढे करून. स्लाइड सुरू झाली तिथेच चेंडू मृत, म्हणून पहिल्या डाऊनची रेघ नीट पार करून मगच बसायचं. स्लाइडची नुसती हूल देऊन पुढे पळणं आता चालत नाही. २०२१ च्या एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) अंतिम सामन्यात पिट्सबर्गच्या केनी पिकेटने तसं करून टचडाऊन केला, त्यानंतर लगेच खोट्या स्लाइडवरही डाव तिथेच थांबवायला सुरुवात झाली.